गुंजभर इंग्रजी

कोल्हापूरजवळच्या हुपरीतल्या माझ्या मावसभावाचा पैंजणांचा धंदा आहे. चार-पाच कारागीर, एक गाळा, आणि आता मोबाइलवरून देशभर माल पाठवायची उमेद. या नव्या उद्योगात त्याला एकच गोष्ट जड जाते. प्रत्येक नगाच्या फोटोखाली दोन ओळी इंग्रजीत लिहाव्या लागतात. मग ते फोटो माझ्याकडं येतात आणि मागोमाग फोन येतो. "अक्का, बारक्या पोरीची पैंजणं हाईत. घुंगरं एकदम बारीक. काम नाजूक हाय. लिव की जरा."

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. त्यामुळं घरच्यांच्या लेखी इंग्रजीतलं कुठलंही काम म्हणजे माझं काम, मग ते बँकेचं पत्र असो नाहीतर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. पण या फोनला उत्तर द्यायला मला दरवेळी वेळ लागतो. बारकी, बारीक, नाजूक. तिन्ही शब्द लहानपणाचेच, आणि तिन्हींना 'स्मॉल' लावून भागत नाही. पोरगी 'लिटल' होते, घुंगरं 'टायनी' होतात, काम 'डेंटी' होतं. 'स्मॉल' फक्त मापाच्या रकान्यात बसतो आणि तिथं तो आधीच छापलेला असतो.

शाळेत हे सगळे शब्द समानार्थी म्हणून एका ओळीत लिहून देतात. स्मॉल, लिटल, टायनी, मायन्यूट, पेटी, प्युनी, मिनिएचर. पोरं पाठ करतात, दोन मार्क घेतात आणि विसरतात. समानार्थी शब्द ही शिकवणाऱ्यांची सोय आहे, भाषेत तसं काही नसतं, असं माझं मत होत चाललंय. यातल्या एकेका शब्दाकडं नीट पाहिलं तर वस्तू केवढी आहे हे त्यातून फारसं कळत नाही. तिच्याकडं बघणारा कुठं उभा आहे, वर की खाली, जवळ की लांब, हे मात्र लगेच कळतं.

साधे दोनच घ्या, 'स्मॉल' आणि 'लिटल'. 'अ स्मॉल हाउस' म्हटलं की चौरस फूट किती हे विचारावंसं वाटतं. 'अ लिटल हाउस' म्हटलं की बोलणाऱ्याचा चेहरा दिसायला लागतो. त्याला त्या घराचं कौतुक तरी असतं नाहीतर कीव तरी. राजारामपुरीतला वन बीएचके विकणारा एजंट जाहिरातीत 'स्मॉल'ही लिहीत नाही आणि 'लिटल'ही लिहीत नाही, तो 'कॉम्पॅक्ट' लिहितो, कारण त्याला चेहराही दाखवायचा नसतो आणि चौरस फूटही. इंग्रज माणूस दुःखात 'पुअर लिटल थिंग' म्हणतो, 'पुअर स्मॉल थिंग' म्हणत नाही. रागातही तेच. 'नॅस्टी लिटल मॅन' अशी शिवी ज्याला बसते तो चांगला सहा फुटी असू शकतो. माया आणि तुच्छता ही दोन्ही कामं 'लिटल'च करतो, आणि कुठलं चाललंय हे शेजारच्या शब्दावरून ओळखायचं.

भावांच्या बाबतीत 'लिटल ब्रदर'चा उंचीशी संबंध तुटतोच. आपल्याकडंही तसंच आहे. गंगावेश तालमीच्या दारात एखाद्या पैलवानानं आपल्यापेक्षा वीतभर उंच गड्याच्या पाठीवर थाप मारून "ह्यो आमचा धाकटा" अशी ओळख करून दिली तर कुणाला हसू येत नाही.

अकरावीची पोरं खरी अडकतात ती त्या एका 'अ'पाशी. 'अ लिटल मिल्क' म्हणजे थोडं दूध आहे, चहा होईल. 'लिटल मिल्क' म्हणजे दूध नसल्यातच जमा. एवढासा 'अ' काढला की आशेची निराशा होते. मराठीत आपण हे काम 'च'कडून करून घेतो. "दूध थोडं आहे" आणि "दूध थोडंच आहे". वर्गात मी एवढंच सांगते की त्यांचा 'अ' जिथं गळतो तिथं आपला 'च' चिकटतो. बाकी नियम पुस्तकात आहेत, ते ज्याचे त्यानं वाचावेत.

'स्मॉल'ची जन्मकथा कळली तेव्हा मात्र मी त्या शब्दाकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. या शब्दाचा मूळ अर्थ लहान असा नव्हताच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता सडपातळ, अरुंद, बारीक. जर्मनमधला त्याचा सख्खा भाऊ 'श्माल' आजही अरुंद याच अर्थानं वापरात आहे. इंग्रजीतही जुना अर्थ एका जागी टिकून राहिलाय. पाठीचा जो भाग कमरेच्या वर आत जातो आणि निमुळता होतो, त्याला 'द स्मॉल ऑफ द बॅक' म्हणतात. तिथं लहान काहीच नाही, पाठ तेवढी बारीक झालेली असते. पुढं बारीकचा लहान झाला आणि मूळ अर्थ मागं पडला.

आता आपला 'बारीक' बघा. हा शब्द फारसीतून आला, आणि तिथंही त्याचा अर्थ पातळ, तलम, सूक्ष्म असाच. मराठीत तो सडपातळ माणसाला लागला, दळलेल्या पिठाला लागला, धाग्याला लागला. आणि आमच्या भागात त्याचं 'बारकं' झालं आणि 'बारकं' म्हणजे थेट मूल. "बारकं झोपलं काय?" "बारक्याला शाळेत सोडून येतो." या वाक्यांतलं पोरगं चांगलं गुटगुटीत असलं तरी चालतं. हुपरीहून फोन येतो तेव्हा 'बारक्या पोरीची' म्हणजे रोड पोरीची असं पुण्याच्या माणसाला वाटेल, कोल्हापुरात वाटणार नाही. बारीकपासून लहानापर्यंत आणि लहानापासून पोरापर्यंत, असा हा प्रवास आहे. एकमेकींना न विचारता दोन भाषा एकाच वाटेनं चालल्या. आपल्याकडं फरक एवढाच पडला की आपण जुना अर्थ टाकून दिला नाही. बारीक नजर, बारीक आवाज, बारीक चिरलेला कांदा, अंगात बारीक ताप, आणि या सगळ्यांच्या वर 'बारकावा', जो लहान असूनही कौतुकाचा असतो. कारागिराच्या हातातला बारकावा इंग्रजीत सांगायचा तर 'स्मॉल'च्या घराण्यातला एकही शब्द उपयोगी पडत नाही. 'फाइन'कडं जावं लागतं.

'मिनिएचर'चं नवल याहून मोठं आहे. ऐकताना वाटतं की हा 'मिनिमम', 'मायनर' यांच्या गोतावळ्यातला असणार. तसा तो नाही. लॅटिनमध्ये 'मिनियम' म्हणजे शिशापासून केलेला लाल रंग, म्हणजे आपला जुना शेंदूर. मध्ययुगात युरोपात हातानं पोथ्या लिहीत तेव्हा सुरुवातीची अक्षरं आणि मथळे या रंगानं रंगवत. त्या रंगवण्याच्या क्रियापदावरून इटालियनमध्ये पोथीतल्या चित्रकामाला 'मिनियातुरा' नाव पडलं. पोथीच्या पानात मावायची म्हणून ती चित्रं अर्थातच लहान. आणि 'मिन्' हा आवाज लोकांच्या कानाला आधीच लहानपणाचा वाटत होता. दोन्ही गोष्टी जुळल्या आणि शेंदराचा शब्द लहानपणाचा होऊन बसला.

शिवाजी पेठेतल्या कुठल्याही तालमीत जा, मारुती शेंदरानं माखलेला दिसेल. व्युत्पत्तीच्या हिशेबानं खरं 'मिनिएचर' काम ते. पुढं इंग्रजांनी शब्द तोडून 'मिनी' केला. १९५९ मध्ये 'मिनी' नावाची मोटार आली, साठच्या दशकात मिनीस्कर्ट आला, आणि मग जगात जे-जे आखूड आणि आटोपशीर ते सगळं मिनी झालं. आपल्या वर्तमानपत्रांनी तर जिल्हा परिषदेला 'मिनी मंत्रालय' करून टाकलं. नागाळा पार्कातल्या त्या इमारतीवरून जाताना 'शेंदरी मंत्रालय' हा शब्द माझ्या मनात येतो आणि मी एकटीच हसते.

या गोष्टीला एक उलटी शेपूटही आहे. 'मिनस्क्यूल' हा शब्द जन्मानं खरोखर लहानपणाचा. लॅटिन 'मायनस'च्या घराण्यातला, आणि पूर्वी तो लिपीतल्या लहान अक्षरांना वापरत. त्याच्या स्पेलिंगमध्ये 'एन'नंतर 'यू' येतो. पण 'मिनी'ची सवय लागलेली माणसं तिथं सर्रास 'आय' लिहितात, इतकी की काही शब्दकोशांनी तेही स्पेलिंग नोंदवून ठेवलंय. म्हणजे जो अस्सल लहान होता त्यानंही शेवटी शेंदूर फासून घेतला.

'पेटी' आणि 'पटीट' या दोन्ही शब्दांचं मूळ एकच, फ्रेंचमधला लहान या अर्थाचा शब्द. इंग्रजीनं तो दोनदा उचलला. एकाच घरातल्या दोन बहिणी, थोरली आधी लग्न होऊन गेली ती कचेरीत राबली, आणि धाकटी खूप नंतर आली ती शोरूममध्ये मिरवली, असं त्यांचं झालंय. थोरलीच्या वाट्याला 'पेटी कॅश' आली, 'पेटी क्राइम' आला, कोत्या मनाचा 'पेटी' माणूस आला. सुरुवातीला ती बिचारी नुसतीच लहान होती. 'पेटीकोट' म्हणजे मुळात लहान कोट, आत घालायचा. तुच्छतेचा वास तिला नंतर चिकटला. धाकटी मात्र सुबक ठेंगणीच्या कपड्यांवर ऐटीत बसली. मावसभावाला मी एकदा हा शब्द सुचवला. उच्चार ऐकून तो म्हणाला, "अक्का, पतित पैंजण कोण घेणार?" तेव्हापासून आम्ही 'डेंटी'वरच राहिलो. त्यात तोटा काही नाही. 'डेंटी' ज्या लॅटिन शब्दातून आला त्याचा अर्थ आहे मान, प्रतिष्ठा, आणि 'डिग्निटी' त्याचीच बहीण. हुपरीच्या कारागिराच्या हाताला हाच शब्द शोभतो.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'प्युनी'. किडमिडीत, दुबळा, दखल घेण्याच्या लायकीचा नाही असा त्याचा आजचा अर्थ. पण हा शब्द आला 'नंतर जन्मलेला' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दांवरून. म्हणजे धाकटा, एवढंच. नंतर जन्मला म्हणून लहान, लहान म्हणून दुबळा, दुबळा म्हणून कमी प्रतीचा, असं करत बिचाऱ्याला पार खालच्या पायरीवर नेऊन बसवलं.

गंमत अशी की कोर्टात या शब्दाचा मान अजून शाबूत आहे. उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती सोडून बाकीच्या न्यायमूर्तींना इंग्रजीत 'प्युनी जज' म्हणतात. स्पेलिंग वेगळं, जुन्या फ्रेंच वळणाचं, पण उच्चार तोच. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसायला लागलं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. त्यासाठी इथल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी किती वर्षं मोर्चे काढले, उपोषणं केली ते सगळ्या शहरानं पाहिलंय. एवढी वर्षं झगडून आणलेल्या बेंचवर जे बसतात ते इंग्रजी कायद्याच्या भाषेत 'प्युनी'! ज्याच्यासमोर सहा जिल्हे हात जोडून उभे राहतात त्याच्यासाठी आणि तालमीतल्या काडी पैलवानासाठी शब्द एकच.

आपणही काही वेगळं केलेलं नाही. 'कनिष्ठ' म्हणजे मुळात सर्वांत धाकटा. करंगळीला कनिष्ठिका म्हणतात ते याच अर्थानं. पण कनिष्ठ दर्जा, कनिष्ठ कर्मचारी, कनिष्ठ न्यायालय असं करत तो शब्द वयाचा उरला नाही, पायरीचा झाला. 'ज्युनियर कॉलेज'चं कनिष्ठ महाविद्यालय करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. तरी लग्नकार्यात कुणी विचारलं की "तुम्ही कनिष्ठला का?", तेव्हा त्या प्रश्नात वय नसतं. वरिष्ठला शिकवणारे माझे मित्र म्हणतात मी उगाच मनाला लावून घेते. ते वरिष्ठला शिकवतात, म्हणतीलच.

गुजरीत आजही जुने सराफ ग्रॅमच्या काट्यासमोर बसून तोळ्यात बोलतात. त्यांचा हिशेब आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, तेव्हा एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची पडते. लाल अंगाची, काळ्या डोळ्याची ती बी एकेकाळी थेट तागडीत जायची. तिच्यावरून 'गुंजभर' आला, माशावरून 'तोळामासा प्रकृती' आली. मराठीचा लहानपणा असा हातातल्या वस्तूंनी मोजलेला आहे, तीळभर, कणभर, चिमूटभर, नखभर, टीचभर, वीतभर, आणि या बाबतीत इंग्रजी कोरडी आहे असं आपल्याकडं अभिमानानं सांगितलं जातं. मला ते पटत नाही. त्यांचा 'ग्रेन' हेही धान्याच्या दाण्यावरून आलेलं वजनच आहे, सुमारे ६५ मिलिग्रॅमचं. हिऱ्याचा 'कॅरट' कॅरोब नावाच्या झाडाच्या बीवरून आला, तो आता २०० मिलिग्रॅमवर ठरून गेलाय. म्हणजे आपली गुंज जवळजवळ दोन ग्रेन आणि अर्ध्या कॅरटाहून थोडी जास्त. सोनं तोलणाऱ्या माणसाला सगळीकडं बियाच सापडल्या.

मराठीची खरी करामत बघायची तर गुजरी सोडून शाहू मार्केट यार्डात जावं. रवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? शिऱ्याचा दाणा, नाहीतर चांगल्या तुपात दिसतो तो कण. आणि यार्डात सौद्याला बोली लागते ती गुळाच्या 'रव्या'वर. हा रवा ३० किलोचा असतो. हमाल तो पाठीवर घेऊन चालतो. हंगामात वर्तमानपत्रात 'गूळ रव्यांची आवक' वाढल्याची बातमी येते तेव्हा बाहेरून आलेल्या माणसाला कुणीतरी समजावून सांगावं लागतं की इथं सांजा विकत नाहीत. एका शब्दानं कणही तोलायचा आणि ३० किलोचा धोंडाही, हे इंग्रजीच्या एकाही लहान शब्दाला अजून जमलेलं नाही.

आवाजाचा मुद्दा थोडक्यात. टीनी, वी, मिनी, पटीट, बिट. तोंड आवळलं जातं, ओठ फाकतात, जिभेला जागा उरत नाही. एडवर्ड सपीर या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९२९ मध्ये लोकांना 'मिल' आणि 'माल' असे दोन बनावट शब्द दिले. दोन्हींचा अर्थ टेबल, तर मोठं टेबल कुठलं, असा प्रश्न. बहुतेकांनी 'माल' मोठं ठरवलं. मराठीत चिमणी, चिमूट, इवली, किंचित, चिटुकली हे सगळे त्याच बाजूनं साक्ष देतात. फक्त खुद्द 'बिग'मध्ये तो आवळलेला स्वर आहे आणि 'स्मॉल'मध्ये नाही, आणि आपल्या 'लहान'मध्ये तर चांगला ऐसपैस 'आ' आहे. भाषेनं नियम केला आणि नेमके घरचेच कर्ते शब्द तो मोडून मोकळे झाले.

सरकारच्या दारात लहान असण्याला वेगळीच किंमत येते. तिथं माणसं स्वतःहून लहान व्हायला रांगेत उभी राहतात. उद्योगांची वर्गवारी आहे सूक्ष्म, लघु आणि मध्यम. इंग्रजीत मायक्रो, स्मॉल, मीडियम. एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानं अडीच कोटींपर्यंत यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म. मावसभावाकडं त्याच्या नोंदणीचं प्रमाणपत्र आहे. तो ते दाखवून म्हणतो, "बघ, सरकारनं लिवून दिलंय, आपून मायक्रो हाय." दहा कोटींची उलाढाल करणाराही मायक्रो आणि हाही मायक्रो, याचं त्याला मनापासून समाधान वाटतं.

शेतीतही तसंच. एक ते दोन हेक्टरवाला अल्पभूधारक, एक हेक्टरच्या आतला अत्यल्प भूधारक. इंग्रजीत पहिला 'स्मॉल' आणि दुसरा 'मार्जिनल'. मराठी शब्द त्याची जमीन मोजतो. इंग्रजी शब्द त्याला कागदाच्या कडेला, समासात नेऊन बसवतो. आमच्या पंचगंगेच्या खोऱ्यात हेक्टर कुणी बोलत नाही, गुंठे बोलतात. चाळीस गुंठ्यांचा एकर. वीस गुंठ्यांत ऊस लावणाऱ्याला मी कधी स्वतःला अत्यल्प म्हणताना ऐकलेलं नाही, तो म्हणतो "आमचं रान". आता त्याच्या बांधावर नॅनो युरियाची अर्धा लिटरची बाटली आलीय. 'नॅनो'चं मूळ ग्रीक भाषेतल्या बुटक्या माणसात आहे. पोत्याच्या जागी बुटका आला, एवढं शेतकऱ्याला नाव न कळताही कळलंय.

आणि 'मायक्रो' हा शब्द गावातल्या बायकांच्या तोंडी आला तो कर्जातून. मायक्रो फायनान्स, लहान कर्ज, गटानं घ्यायचं. कर्ज लहान असतं ते देणाऱ्याच्या वहीत. हप्त्याच्या दिवशी सकाळी जिच्या दारात माणूस येऊन उभा राहतो तिला त्यातलं मायक्रो काय ते दिसत नाही.

इथवर जे शब्द आले ते दुसऱ्याला लहान करणारे, नाहीतर स्वतःला कागदावर लहान करून घेणारे. शब्द लहान करण्याचा आणखी एक प्रकार आहे, रीतभातीचा. त्यात कोल्हापूरचा हात कुणी धरणार नाही. "घोटभर च्या घ्या." "दोन घास खाऊन जा." "काय न्हाय, जरा मटण टाकलंय." हे ऐकून जो खरोखर दोन घासांच्या तयारीनं बसतो त्याच्या पुढ्यात तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, भाकरी, भात असं येतच राहतं, आणि वाढणारी माउली "इतकुसंच हाय, संपवा" म्हणत पातेलं घेऊन उभी असते. तिथं घास हे माप नसतं. पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून आकडा मुद्दाम खाली आणलेला असतो.

इंग्रजांकडंही ही रीत आहे, आणि त्यांचा त्यासाठीचा लाडका शब्द 'अ बिट' हाही मुळात घासच. 'बाइट' म्हणजे चावा, त्याचा 'बिट' म्हणजे एका चाव्यात येईल तेवढं. आपला 'दोन घास' आणि त्यांचा 'अ बिट' एकाच दाताखालून निघाले. पण आपण हा शब्द पंगतीत ठेवला आणि त्यांनी तो सगळीकडं नेला. पाऊस धो-धो पडत असला तरी 'अ बिट वेट'. घर जळालं तरी 'अ बिट ऑफ अ प्रॉब्लेम'. आपल्याकडच्या कचेऱ्यांत या जातीचं 'जस्ट अ स्मॉल चेंज' असतं, जे संध्याकाळी सहाला येतं आणि रात्री अकरापर्यंत पुरतं. वर्गात 'वन स्मॉल डाउट, मॅम' असतो, तोही कधी स्मॉल नसतो.

आणि ही रीत कुठं नेऊ नये याचं उदाहरण इतिहासात आहे. एप्रिल १९५१, कोरियातलं युद्ध. इमजिन नदीच्या काठावर ब्रिटिश ब्रिगेडवर चिनी फौज तुटून पडली. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पलटण घेरली गेली. दारूगोळा संपत आलेला, कुमक नाही. ब्रिगेडियर टॉम ब्रोडी यांनी अमेरिकन वरिष्ठाला कळवलं ते असं की परिस्थिती 'अ बिट स्टिकी' आहे. या लढाईच्या हकिगतीत ही गोष्ट नेहमी सांगतात. ब्रिटिश कानाला त्याचा अर्थ होता, आम्ही संपत आलोय. अमेरिकन कानाला ऐकू आलं, थोडी अडचण आहे, निभावतील. त्या पलटणीतले ५०० हून जास्त लोक कैद झाले, निसटले ते मोजकेच.

अकरावीला 'अ बिट' शिकवताना मी ही लढाई सांगते. एरवी पेंगणारा वर्ग तेवढ्यापुरता जागा होतो. मग वाद लागतो. एक गट म्हणतो चूक ब्रिगेडियरची, बोलायचं तर सरळ बोलावं. दुसरा म्हणतो चूक अमेरिकनाची, इंग्रजी येत असून कळत कसं नाही. मागच्या बाकावरचा कागलचा एक पोरगा यंदा उठून म्हणाला, "मॅडम, त्येच्या जागी आमचा कोण असता तर 'साहेब, लई बेक्कार हाय, माणसं धाडा' म्हणून मोकळा झाला असता." वर्ग हसला. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं त्याला विचारलं, "आणि तो साहेब जेवायला बसला असता तर तेव्हा किती मटण हाय म्हणून सांगितलं असतंस?"